औषध लागू पडलं, पण उन्हाचं काय? फुप्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगावरील प्रकाश-उपचाराचं टोकियोतलं प्रकरण

श्वासनलिकेत दुर्बीण उतरवायची, तिच्यातून केसासारखा बारीक तंतू पुढे सरकवायचा आणि कर्करोगाच्या डागावर तांबडा लेसर प्रकाश टाकायचा. छाती उघडायची नाही, फुप्फुसाचा भाग काढायचा नाही. काम काही मिनिटांत आटोपतं. मात्र हा प्रकाश ज्या औषधाच्या जोरावर काम करतो ते औषध त्वचेतही साठतं आणि चार-सहा आठवडे तिथून हलत नाही. एवढ्या काळात रुग्ण थोडा वेळ जरी उघड्या उन्हात गेला तरी चेहरा आणि हात लाल होऊन सुजतात, कधी फोड येतात. १९९४ साली जपानमध्ये फोटोफ्रिन या औषधाला फुप्फुसाच्या सुरुवातीच्या कर्करोगासाठी मंजुरी मिळाली, तेव्हा परिस्थिती अशी होती. २००३ मध्ये तिथेच टॅलापोर्फिन सोडियम या दुसऱ्या औषधाला मंजुरी मिळाली आणि उन्हापासून जपण्याची मुदत बहुतेक रुग्णांसाठी दोन आठवड्यांवर आली.

या दोन मंजुऱ्यांच्या दरम्यान काय बदललं आणि काय बदललं नाही, हा या प्रकरणाचा विषय. माझं मत आधीच नोंदवलेलं बरं. नवं औषध कर्करोगाला जास्त अचूक ओळखतं म्हणून त्रास कमी झाला, असा समज करून घेणं सोपं आहे. खरं मोठं श्रेय जातं ते औषध शरीरातून लवकर निघून जातं या साध्या गुणाला.

उन्हाचा त्रास उपचाराइतकाच जुना

१९०० साली म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर यांच्या प्रयोगशाळेत ऑस्कर राब हा विद्यार्थी पॅरामेशियम या एकपेशीय जिवांवर अॅक्रिडिन रंगाचा परिणाम तपासत होता. तोच रंग, तेवढंच प्रमाण. पण उजेडात जीव मरायचे आणि अंधारात जगायचे. रंग आणि प्रकाश एकत्र आले तरच मारक ठरतात, आणि त्यासाठी ऑक्सिजनही लागतो, हे पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झालं.

१९१२ मध्ये जर्मनीतल्या फ्रीड्रिश मायर-बेट्झ या डॉक्टरने हिमॅटोपॉर्फिरिन या रक्तातल्या हिमोग्लोबिनपासून बनणाऱ्या रंगद्रव्याचे २०० मिलिग्रॅम स्वतःच्याच शिरेत टोचून घेतले. उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजला, आणि उन्हाचं वावडं दोन महिन्यांहून अधिक काळ टिकलं. आजच्या कोणत्याही नैतिकता समितीने असा प्रयोग दारातच अडवला असता. पण फोटोफ्रिनचा मुख्य दुष्परिणाम औषध बाजारात येण्याच्या ऐंशी वर्षं आधी एका माणसाने अंगावर काढून लिहून ठेवलेला होता, हे विसरता येत नाही.

हिमॅटोपॉर्फिरिनवर प्रक्रिया करून बनवलेलं मिश्रण गाठींमध्ये चांगलं साठतं, हे अमेरिकेत १९६० च्या सुमारास दिसून आलं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या रॉझवेल पार्क संस्थेत टॉमस डॉगर्टी यांनी त्याला उपचाराचं रूप दिलं. पुढे त्याच मिश्रणाच्या शुद्ध केलेल्या रूपाला फोटोफ्रिन हे नाव मिळालं. फुप्फुसात हा उपचार पहिल्यांदा केला तो टोकियो वैद्यकीय विद्यापीठात, योशिहिरो हायाता आणि हारुबुमी कातो यांच्या गटाने, १९८० मध्ये.

जपानच का

यामागे थोडा योग आहे आणि बरीच तयारी. लवचिक ब्रॉन्कोस्कोप शिगेतो इकेदा यांनी १९६० च्या दशकात टोकियोमध्येच विकसित केला. त्याआधीची कडक धातूची नळी श्वासनलिकेच्या मोठ्या फाट्यापलीकडे फारशी जात नसे. लवचिक दुर्बीण आतल्या शाखांपर्यंत वळत पोचू लागली. दुसरी गोष्ट थुंकीची तपासणी. जपानमध्ये १९८७ पासून वयस्कांच्या सरकारी आरोग्य तपासणीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा समावेश झाला. छातीच्या एक्स-रेबरोबर भरपूर धूम्रपान करणाऱ्यांच्या थुंकीतल्या पेशीही तपासल्या जाऊ लागल्या. निकष सोपा होता: रोजच्या सिगारेटींना वर्षांनी गुणायचं, आणि आकडा ६०० किंवा जास्त आला तर थुंकी द्यायची. रोज वीस सिगारेटी तीस वर्षं ओढल्या की ६०० भरतात.

अशा तपासणीत एक विशिष्ट रुग्ण सापडू लागला. एक्स-रे स्वच्छ, सीटी स्कॅनमध्येही काही नाही, पण थुंकीत कर्करोगाच्या पेशी. दुर्बिणीतून पाहिलं तर मुख्य श्वासनलिकेच्या जवळच्या एखाद्या शाखेत श्लेष्मल आवरणावर जरासा खडबडीत, लालसर पट्टा. हा बहुधा स्क्वेमस, म्हणजे चपट्या, पेशींचा कर्करोग असतो. तो अजून आवरणाच्या वरच्या थरांत असतो आणि लसीका ग्रंथींपर्यंत गेलेला नसतो.

इथे शस्त्रक्रिया हा मान्य आणि चांगला उपाय आहे. अडचण रुग्णाच्या बाजूने येते. तो साधारणपणे साठी-सत्तरीचा असतो, धूम्रपानाने फुप्फुसं आधीच फुगून निकामी झालेली असतात, आणि काही मिलिमीटरच्या डागासाठी फुप्फुसाचा एक अख्खा खंड काढला तर उरलेल्या श्वासावर त्याला जिना चढता येईल का हा प्रश्न असतो. शिवाय ज्या धुराने एक डाग उठवला त्याने सगळ्याच श्वासमार्गाला होरपळवलेलं असतं. अशा माणसाला काही वर्षांनी दुसऱ्या शाखेत नवा, स्वतंत्र कर्करोग होण्याची शक्यता बरीच असते. पहिल्याच वेळी एक खंड काढून टाकला तर दुसऱ्या वेळी काढायला काय उरणार?

प्रकाश-उपचाराची किंमत इथे कळते. तो श्वासनलिकेचा कूर्चा आणि आधाराची चौकट बहुतांशी शाबूत ठेवतो, आणि त्याच जागी किंवा दुसरीकडे पुन्हा करता येतो.

आत घडतं काय

औषध शिरेतून देतात. ते सगळ्या शरीरात पसरतं, त्वचेसारखे अपवाद सोडले तर निरोगी पेशींतून तुलनेने लवकर ओसरतं आणि गाठीत जास्त रेंगाळतं. योग्य वेळी ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पडला की औषधाचा रेणू ती ऊर्जा शोषतो आणि जवळच्या ऑक्सिजनला देतो. त्यातून तयार होणारा उत्तेजित ऑक्सिजन अतिशय क्रियाशील असतो, पण त्याचं आयुष्य इतकं अल्प की एका पेशीच्या रुंदीइतकंही अंतर तो कापू शकत नाही. म्हणून जिथे औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन हे तिन्ही एकत्र येतात तिथेच नुकसान होतं. पेशी मरतात, गाठीला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या बंद पडतात आणि मागोमाग दाह सुरू होतो.

उपचाराची सगळी अचूकता या तीन गोष्टींच्या भेटीवर उभी आहे. त्यांपैकी प्रकाश डॉक्टरच्या हातात असतो, तोही रुग्ण दवाखान्यात असेपर्यंत. बाहेर पडल्यावर प्रकाश सूर्याचा, ऑक्सिजन त्वचेत आहेच आणि औषधही तिथेच. तोच रासायनिक खेळ कपाळावर आणि हातांवर सुरू होतो. त्यामुळे फोटोफ्रिनच्या दुष्परिणामाला ‘दुष्परिणाम’ म्हणताना मला थोडं अडखळायला होतं. ती औषधाची मूळ क्रियाच आहे, फक्त नको त्या जागी.

पहिलं औषध: यश आणि त्याची किंमत

फोटोफ्रिनचा डोस शरीराच्या वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम. टोचल्यावर साधारण ४८ तासांनी ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश द्यायचा. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत ५४ रुग्णांचे ६४ कर्करोग होते. मूल्यमापन करता आलेल्या ५९ पैकी ५० पूर्णपणे दिसेनासे झाले, म्हणजे सुमारे ८५ टक्के. त्याच आकड्यांत दडलेली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गाठीची लांबी एक सेंटिमीटर किंवा कमी असेल तर यश ९७.८ टक्के, त्याहून जास्त असेल तर ४२.९ टक्के. एका सेंटिमीटरच्या रेषेवर निकाल निम्म्याहून खाली येतो. ६३० नॅनोमीटरचा प्रकाश ऊतींमध्ये फार खोल जात नाही, आणि लांब पसरलेली गाठ बहुधा खोलही गेलेली असते.

अमेरिकेत फोटोफ्रिनला १९९५ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगातला अडथळा कमी करण्यासाठी परवानगी मिळाली, आणि १९९८ मध्ये श्वासनलिकेतल्या सूक्ष्म कर्करोगासाठी, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार ज्यांना चालणार नाहीत अशा रुग्णांपुरती.

आता किंमत. औषध घेतल्यापासून किमान ३० दिवस त्वचा आणि डोळे उन्हापासून व तीव्र दिव्यांपासून जपायचे. बाहेर पडायचं झालं तर पूर्ण बाह्या, हातमोजे, रुंद काठाची टोपी, गडद चष्मा. सनस्क्रीन कामाचं नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध जागं होतं दृश्य प्रकाशाने. दंतवैद्याचा दिवा, शस्त्रक्रियेचा दिवा, खिडकीतून येणारा थेट कवडसा, सगळ्यापासून सावध राहायचं.

त्यात एक उलटं वाटणारं कलम आहे. रुग्णाने अंधाऱ्या खोलीत कोंडून घ्यायचं नाही. घरातल्या मंद, नेहमीच्या उजेडात बसायचं, कारण त्या उजेडाने त्वचेतलं औषध हळूहळू निष्क्रिय होतं. पडदे लावून महिनाभर काळोखात बसलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याच्या त्वचेत औषध जास्त शिल्लक असतं. ही गोष्ट घरच्यांना समजावून सांगितली नाही तर ते काळजीपोटी नेमकं उलटं करतात. मुदत संपल्यावर त्वचेचा लहानसा भाग दहा मिनिटं उन्हात धरायचा; चोवीस तासांत लाली, सूज किंवा फोड आले नाहीत तर हळूहळू बाहेर पडायचं.

दुसरं औषध

टॅलापोर्फिनचा रेणू क्लोरिन ई-६ या संयुगावरून बेतलेला आहे, आणि ते संयुग मिळतं पानांतल्या हरितद्रव्यापासून. जपानमध्ये ते लेसरफायरिन या नावाने मिळतं. फोटोफ्रिन हे अनेक रेणूंचं मिश्रण. टॅलापोर्फिन हा एकच ठरलेला रेणू. ते पाण्यात सहज विरघळतं आणि शरीरातून लवकर बाहेर पडतं. हे शेवटचं वाक्य म्हणजे या प्रकरणाचा कणा.

लवकर बाहेर पडणारं औषध वापरायचं तर वेळापत्रक बदलावं लागतं. शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला ४० मिलिग्रॅम टोचायचं आणि चारच तासांनी ६६४ नॅनोमीटरचा प्रकाश द्यायचा. सकाळी इंजेक्शन, दुपारी लेसर. प्रकाशाचं प्रमाण दर चौरस सेंटिमीटरला १०० ज्यूल, तीव्रता १५० मिलिवॉट; हिशेब केला तर साधारण अकरा मिनिटं. चार तासांनी रक्तातही औषध भरपूर असतं, त्यामुळे गाठीच्या रक्तवाहिन्यांवर घाव जास्त बसतो. गाठ आणि निरोगी ऊती यांच्यातला फरक पूर्ण उमटेपर्यंत थांबायची इथे गरज पडली नाही. प्रकाश डागावरच टाकला जात असल्याने ते चाललं.

तरंगलांबी ६३० वरून ६६४ वर जाणं हा आकड्यांचा किरकोळ फरक वाटतो. पण त्या ठिकाणी रक्तातलं हिमोग्लोबिन प्रकाश कमी खातं, प्रकाश थोडा खोल जातो आणि टॅलापोर्फिन तो जोरात शोषतं. शिवाय या तरंगलांबीसाठी लहान डायोड लेसर चालतो. फोटोफ्रिनसाठी जपानमध्ये एक्सायमर-डाय लेसर वापरला जायचा; तो मोठा आणि महाग. यंत्र लहान झालं, हा बदल वैद्यकीय लेखांत एका ओळीत उरकतात. रुग्णालय चालवणाऱ्याला विचारलं तर तो याला पहिला नंबर देईल.

२००३ मध्ये कातो आणि सहकाऱ्यांनी टॅलापोर्फिनच्या चाचणीचे निकाल मांडले. एकूण ४१ रुग्ण आणि ४६ गाठी होत्या. ज्यांच्यावर परिणाम मोजता आला त्यांच्यात ८४.६ टक्के गाठी पूर्ण नाहीशा झाल्या, रुग्णांच्या हिशेबाने ८२.९ टक्के. म्हणजे परिणाम फोटोफ्रिनच्या तोडीचा. त्वचेची चाचणी झालेल्या ३३ रुग्णांपैकी २८ जणांची प्रकाशसंवेदना दोन आठवड्यांत गेली होती.

या दोन चाचण्या वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या रुग्णांवरच्या आहेत. ८५ आणि ८४.६ शेजारी ठेवून ‘दोन्ही औषधं सारखीच’ असं छातीठोक म्हणता येत नाही. त्वचेच्या बाबतीतला फरक मात्र इतका मोठा आहे, आणि औषध शरीरात किती टिकतं या माहितीशी इतका जुळतो, की तो निवडीचा खेळ वाटत नाही.

२०१० मध्ये टोकियोच्या गटाने मोठ्या गाठींचा प्रश्न पुन्हा घेतला. एक सेंटिमीटरपर्यंतच्या ७० गाठींपैकी ६६, आणि त्याहून मोठ्या २१ पैकी १९ गाठी पूर्ण गेल्या. जुन्या ४२.९ टक्क्यांशी तुलना करायचा मोह होतो. पण मधल्या काळात डॉक्टरांचे डोळेही सुधारले होते. ऊतींची स्वतःची मंद चमक टिपणाऱ्या दुर्बिणीने गाठीची कड नीट दिसू लागली आणि श्वासनलिकेतून केलेल्या सोनोग्राफीने खोली कळू लागली. खोल गेलेली गाठ आधीच ओळखून बाजूला काढली, तर उरलेल्यांचे निकाल सुधारणारच. औषधाचं श्रेय किती आणि निवडीचं किती, हे या आकड्यांतून वेगळं करता येत नाही. माझा कल निवडीकडे आहे.

टॅलापोर्फिनचा आणखी एक गुण याच गटाने वापरात आणला. हे औषध योग्य प्रकाशात स्वतः लाल चमकतं. लेसरआधी गाठीची कड चमकेल तिथपर्यंत दिसते. लेसरनंतर चमक विझली की औषध तिथे खर्ची पडलं असं समजतं. चमक उरली असेल तर तिथे आणखी प्रकाश द्यायचा. उपचार पुरेसा झाला का, हे टेबलावरच कळण्याची सोय कर्करोगाच्या फार थोड्या उपचारांत आहे.

जे कमी झालं नाही

नवं औषध आलं म्हणून श्वासनलिकेच्या आतला त्रास संपला नाही, आणि त्वचेइतकी त्याची चर्चा होत नाही याचं मला नवल वाटतं. मेलेल्या पेशी, फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारं तंतुमय प्रथिन) आणि चिकट स्राव यांचा थर उपचारानंतरच्या दिवसांत श्वासमार्गात साचतो. आवरण सुजतं. आधीच दमेकरी असलेल्या रुग्णात एका शाखेचं तोंड बुजलं तर ताप येतो, धाप लागते, मागे न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून एक-दोन दिवसांत पुन्हा दुर्बीण घालून साफसफाई करावी लागते, आणि कधी एकदा करून भागत नाही. खोकला, छातीत दुखणं, थुंकीत रक्ताची रेघ हे सामान्य. मुख्य श्वासनलिकेतल्या किंवा दोन्ही बाजूंच्या गाठी एकदम हाताळताना सुजेची जास्त धास्ती असते. गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेली असेल किंवा श्वासनलिका आणि अन्ननलिका यांत भोक असेल तर हा उपचार करत नाहीत. पॉर्फिरिया हा आजार असलेल्यालाही फोटोफ्रिन देत नाहीत.

दोन आठवड्यांची मुदतही शिस्तीचीच आहे. टॅलापोर्फिन घेतल्यावर थेट ऊन टाळायचं आणि खोलीतला उजेड ५०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आत ठेवायचा. नीट उजळलेल्या कार्यालयीन टेबलावर साधारण तेवढा उजेड असतो. भर दुपारच्या उन्हात तो लाखाच्या घरात जातो. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरमधूनही तांबडा प्रकाश येतो, म्हणून तो एकाच बोटावर तासन्‌तास न ठेवता बदलत राहतात. टेट्रासायक्लिन, काही फ्लुरोक्विनोलोन आणि सल्फा ही जंतुसंसर्गावरची औषधं, थायझाइड गटातली रक्तदाबाची औषधं, या सगळ्यांनी त्वचा प्रकाशाला आणखी हळवी होते. सत्तरीच्या रुग्णाच्या पिशवीत यांतली एखादी गोळी हमखास असते, तेव्हा औषधांची यादी तपासण्याचं काम लेसरआधीचं.

रुग्णच कमी झाले

या प्रकरणातला उपरोधाचा भाग असा, की दुष्परिणाम आटोक्यात आला तोवर रुग्णांचं चित्र बदलू लागलं होतं. धूम्रपान घटत गेलं तशी मोठ्या श्वासनलिकांतल्या स्क्वेमस कर्करोगांची वाट अरुंद झाली. आता जास्त दिसतो तो फुप्फुसाच्या कडेला होणारा अॅडिनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथिपेशींचा कर्करोग, आणि तो सीटीवर दिसतो, थुंकीत क्वचित. तिथपर्यंत नेहमीची दुर्बीण पोचत नाही. अमेरिकी छातीरोगतज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या, मध्यवर्ती, वरवरच्या गाठींसाठी प्रकाश-उपचाराबरोबर क्रायोथेरपी (गाठ गोठवून मारणं), विद्युतदाह आणि आतून दिलेले किरण हेही पर्याय आहेत. या बाकीच्या तिन्हींत ऊन टाळायला लागत नाही. एखाद्या केंद्राने त्यांतलाच एखादा निवडला तर त्याला दोष देता येणार नाही.

भारतात प्रश्न याच्याही आधीचा आहे. आपल्याकडे फुप्फुसाचा कर्करोग बहुतेकदा पुढच्या टप्प्यात हाती येतो. खोकला आणि थुंकीतलं रक्त आधी क्षयाच्या खात्यात जातं. ज्या डागाला हा उपचार लागू पडतो तो दिसायला थुंकीतल्या पेशींची नियमित तपासणी हवी. ती नसताना उत्तम लेसर आणून ठेवला तरी त्याच्यासमोर योग्य रुग्ण येणार नाही.

जपानमध्ये टॅलापोर्फिनला २०१३ मध्ये मेंदूच्या गाठींसाठी आणि २०१५ मध्ये किरणोपचारानंतर अन्ननलिकेत उलटलेल्या कर्करोगासाठीही परवानगी मिळाली. फुप्फुसाच्या कडेच्या गाठींसाठी तिथल्या गटाने अतिशय बारीक तंतू ब्रॉन्कोस्कोपमधून गाठीपर्यंत नेऊन पाहिला आहे. २०२० च्या सुमारास मांडलेल्या त्या प्राथमिक चाचणीत ७ रुग्ण होते. कडेच्या गाठीत अडचण त्वचेची नाही, ती दोन आठवड्यांत निभावते. तिथे प्रकाश हवेने भरलेल्या स्पंजासारख्या ऊतीत विखुरतो, गाठीची मागची कड डोळ्यांना दिसत नाही, आणि चमक विझली का हे पाहायला समोर पृष्ठभागच नसतो.